विमान जाईपर्यंत

चिनी भाषेच्या पहिल्या तासाला फळ्यावर पहिला शब्द लिहिला गेला तो 'माय'. लिहिला अर्थात रोमन अक्षरांत. शिक्षिका म्हणाल्या, आवाज खाली नेऊन पुन्हा वर उचलला तर या शब्दाचा अर्थ विकत घेणे, आणि वरून एकदम खाली सोडला तर विकणे. दोन्ही उच्चार करून दाखवण्यासाठी त्यांनी श्वास घेतला आणि नेमके त्याच क्षणी डोक्यावरून विमान गेले. घाटकोपर हे मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीच्या पूर्वेकडील रेषेत येते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे उतरणारी विमाने आमच्या गच्चीवरून जातात. चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत विमान आले की बोलणाऱ्याने थांबायचे, हात किंचित वर करायचा, आणि आवाज सरला की अर्धवट सोडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करायचे, असा रिवाजच पडून गेला आहे. आम्ही वीस वर्षे त्या खोलीत मराठी शिकवत आलो, त्यामुळे आम्हाला या थांबण्याची सवय आहे. शिक्षिका अंधेरीहून मेट्रोने आलेल्या, त्यांना नव्हती. त्या विमानाच्या वर आवाज चढवून बोलू लागल्या आणि विकत घेणे व विकणे ही दोन्ही क्रियापदे एकाच किंकाळीत मिसळून गेली.

आम्ही दोघी मराठीच्या प्राध्यापिका, वय पंचेचाळीसच्या आसपास, आणि त्या दिवशी आम्ही शेवटून दुसऱ्या बाकावर विद्यार्थिनी म्हणून बसलो होतो. हा काही ज्ञानपिपासेचा प्रताप नव्हता. २०२४ च्या जूनपासून नवे शैक्षणिक धोरण आमच्यापर्यंत पोचले. त्यासोबत श्रेयांकांची कोष्टके आली, कौशल्याधारित प्रमाणपत्र अभ्यासक्रम आले. मराठीचे विद्यार्थी वर्षागणिक घटत असल्याने आमच्या विभागाकडे वेळ भरपूर आहे, असे कोणाच्या तरी लक्षात आले आणि 'परकीय भाषा' हे खाते आमच्या गळ्यात पडले. नोंदणी किमान वीस हवी होती. भरली सतरा. तेव्हा उपप्राचार्यांनी सुचवले की तुम्ही दोघी आणि ग्रंथालयातले एक सहायक मिळून वीस होतात. ग्रंथालयातले सहायक दुसऱ्या शनिवारनंतर आले नाहीत. आम्हाला मात्र हजेरीपटावर सही करायची होती, त्यामुळे आम्ही टिकलो.

चिनीच का, हा प्रश्न सभेत निघालाच. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'चिनी? आणि आत्ता?' एवढेच विचारले, आणि त्या 'आत्ता'त सगळे आले. २०२० च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान गेले. त्याच वर्षी जुलैत जाहीर झालेल्या शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळांसाठी परकीय भाषांची यादी आली, तीत कोरियन होती, जपानी होती, थाई होती. २०१९ च्या मसुद्यात असलेली चिनी मात्र नव्हती. कालिन्याच्या विद्यापीठ परिसरात २०१३ मध्ये सुरू झालेल्या कन्फ्यूशियस संस्थेचा, देशातल्या तशा इतर संस्थांबरोबर, २०२० मध्ये सरकारने फेरआढावा घ्यायचे ठरवले. एवढे सगळे असताना चिनी. परंतु घाटकोपर हे घाटकोपर आहे. इथल्या व्यापाऱ्यांच्या दुकानातले दिवे, खेळणी, मोबाईलची आवरणे, प्लास्टिकच्या माळा जिथून येतात त्या ईवू शहराचे नाव आमच्या वाणिज्य शाखेच्या मुलांना सातारा-सांगलीपेक्षा जवळचे आहे. सतरापैकी नऊ मुले अशा घरांतली होती. त्यांचे वडील वर्षानुवर्षे गणकयंत्रावर आकडे दाखवून सौदे करत आलेले, आणि मुलांनी त्या आकड्यांभोवतीचे बोलणे शिकावे अशी त्यांची इच्छा होती. आमच्या मते परकीय भाषा शिकण्याचे हे कारण प्राध्यापकांच्या कारणांपेक्षा कमी प्रतिष्ठेचे नाही.

मराठी माणसाला चिनी नवी नाही, हे सभेत सांगावे असे आम्हाला वाटले होते, सांगितले नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. १९४२ मध्ये तिथेच वारले तोवर ते चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून वैद्यक शिकवत होते. त्यांच्या मुलाचे नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. कोटणिसांना चिनी शिकायला वर्गखोली मिळाली नाही. रुग्ण, परिचारिका, सैनिक आणि पुढे पत्नी हाच त्यांचा वर्ग. (शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटात ते सगळेच हिंदीत बोलतात, त्यामुळे ही मेहनत प्रेक्षकाला दिसतच नाही.) वसंत वासुदेव परांजपे १९४७ मध्ये पेकिंगला शिकायला गेले आणि १९५४ साली नेहरू व माओ यांच्या भेटीत दुभाषी म्हणून बसले. या दोघांना भाषा कळली ती जिथे ती बोलली जाते तिथे, चुकल्यावाचून गत्यंतर नव्हते म्हणून. आमच्या विद्यार्थ्यांना ती चौथ्या मजल्यावर, शनिवारी दोन तास, विमानांच्या मधल्या फटींत मिळणार होती.

खोलीविषयी थोडे सांगायला हवे. जमिनीला ठोकलेले लांब बाक, त्यामुळे समोरासमोर बसणे अशक्य. चार पंखे, त्यांतले दोन कुरकुरणारे. दक्षिणेच्या खिडक्या पावसात लावाव्या लागत, आणि लावल्या की सहाव्या बाकापासून मागे नुसता गुंजारव ऐकू येई. आम्हाला आधी वाटले होते की अशा खोलीत सगळ्यात आधी सूर हरवतील. चिनीत चार सूर, आणि सूर बदलला की शब्दच बदलतो, हे पहिल्याच दिवशी मनावर ठसलेले. प्रत्यक्षात उलटे घडले. पंख्यांच्या आवाजातही सुरांची चढउतार मागच्या बाकापर्यंत येई. हरवत ते ओठांचे आणि दातांचे बारीक आवाज: स की श, च की त्स. मागे बसणाऱ्यांना चाल ऐकू येई, बोल ऐकू येत नसत. आणि मागे कोण बसते, हे महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती आमच्या लक्षात यायला तीन शनिवार लागले. मुले बोलतच नसत. शिक्षिका म्हणायच्या, 'माझ्यामागून म्हणा', आणि वीस तोंडांतून कुजबुज निघायची. एकेकट्याला उभे केले की मुले मान वळवून मागे पाहायची आणि गप्प व्हायची. आम्ही शिक्षिकांना चहाच्या वेळी सांगितले, की उपनगरातली मुले बुजरी असतात, त्यांना थोडा वेळ द्या. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी अत्यंत संकोचाने विचारले, 'मॅडम, तुम्ही पुढच्या बाकावर बसाल का? म्हणजे तुम्ही त्यांच्या मागे नसाल.'

मुले मान वळवून आमच्याकडेच पाहत होती.

शिक्षिकांचे वय अठ्ठावीस. त्यांना नावाने हाक मारावी तर त्या गुरू, 'मॅडम' म्हणावे तर त्याच आम्हाला मॅडम म्हणत. शेवटी सगळ्यांनी चिनी संबोधनच घेतले: लाओशी. यातला 'लाओ' म्हणजे म्हातारा, आदरार्थी. आम्ही दोघी त्या मुलीला म्हातारे गुरुजी म्हणायचो आणि ती आम्हाला चुका दाखवताना दोनदा माफी मागायची. मुलांना ती बेधडक थांबवी. आमच्यापाशी येताच 'छान, मॅडम' म्हणून पुढे सरके. वर्गात दोन नियम लागू आहेत हे मुलांना दिसत होते, आणि ज्या वर्गात कोणाच्या तरी चुका पाहिल्या न पाहिल्याशा केल्या जातात तिथे बाकीचे आपल्या चुका उघड्यावर कशाला ठेवतील?

सुटका झाली ती आमच्या फजितीने. ऑगस्टअखेरीस 'मला अमुक खायचे आहे' हे वाक्य चालले होते. आमच्यापैकी एकीने उठून ठणठणीत आवाजात सांगितले की आपल्याला श्वेइच्याओ खायचे आहे. श्वेइच्याओ म्हणजे पाण्यात उकडलेली, साधारण आपल्या मोदकाच्या कुळातली, सारण भरलेली पारी. पण त्यासाठी पहिल्या अक्षरावर आवाज वर चढायला आणि दुसऱ्यावर खाली जायला हवा. आम्ही तो दोन्हीकडे वरून खाली आपटला. लाओशी या वेळी 'छान' म्हणू शकल्या नाहीत, कारण त्यांना हसू आवरेना. 'मॅडम, तुम्हाला झोप खायची आहे.' क्षणभर वर्ग भीतीने गप्प. मग पुढे बसलेला एक गुजराती मुलगा फुटला आणि पाठोपाठ सगळेच. आम्हीही हसलो. त्या दिवसापासून तोंडे उघडली हे खरे. चिनी शिकणाऱ्यांच्या वर्गात असे किस्से घडतातच, आणि विभागाच्या अहवालात आम्ही तो 'आनंददायी वातावरण' या सदरात लिहिलाही.

पण आमच्या बाकावरून आणखी एक दिसले होते, ते अहवालात लिहिले नाही. तिसऱ्या ओळीत भिंतीकडेला बसणारी एक मुलगी हसली नव्हती. तिने आमच्याकडे पाहिले आणि वहीत डोके घातले.

ती आमचीच जुनी विद्यार्थिनी. असल्फ्याच्या टेकडीवर राहणारी, मूळ गाव जालन्याकडचे. २०२२ साली प्रथम वर्षाला ती आमच्या मराठीच्या वर्गात होती. दुसऱ्या वर्षी तिने मराठी सोडून अर्थशास्त्र घेतले. विद्यार्थी विषय बदलतात, आम्ही कारण विचारले नव्हते. विचारायची गरज नव्हती असे आता म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल, कारण कारण आम्हाला बहुधा ठाऊक होते आणि आम्ही ते कुठेतरी नीट घडी घालून ठेवून दिले होते.

त्याकडे येण्याआधी तिच्या वहीविषयी. लाओशींचा नियम असा की देवनागरीत काही लिहायचे नाही. पाठ्यपुस्तक पेइचिंगहून आलेले, स्पष्टीकरणे इंग्रजीत, उच्चार रोमन लिपीत. ही रोमन पद्धत चीनने १९५८ मध्ये स्वीकारली आणि तिच्यात बी हे अक्षर 'ब'साठी नाही. ते आपल्या 'प'साठी आहे, आणि पी हे प-मध्ये हकार मिसळून होणाऱ्या 'फ'साठी. तसेच डी म्हणजे 'त', टी म्हणजे 'थ'. जी म्हणजे 'क', के म्हणजे 'ख'. इंग्रजी शाळांतून आलेली मुले बी पाहिला की 'ब' म्हणत आणि लाओशी पुन्हापुन्हा थांबवत. महिनाभर हेच. एके दिवशी वह्या तपासताना लाओशींना भिंतीकडेच्या त्या वहीत प्रत्येक रोमन अक्षराखाली पेन्सिलने, अगदी बारीक, देवनागरी सापडली. प, फ, त, थ, क, ख. आणि झेड या अक्षराखाली 'च', त्याला खाली एक टिंब.

लाओशींनी वही आमच्या बाकावर आणून ठेवली. 'हे टिंब कसले?'

ते टिंब म्हणजे आमचा विषय होता. मराठीत दोन च आहेत: चिंच, चंद्र यांतला तालव्य आणि चाक, चोर यांतला दंततालव्य. आम्ही हे भाषाविज्ञानाच्या तासाला दरवर्षी सांगतो. लेखनात त्यांचा भेद दाखवत नाहीत, तो फक्त तोंडात असतो. हिंदीला तो नाही, संस्कृतला नाही. चिनीतला झेड हा जवळपास आपला चाकातला च. निरोप घेताना चिनी माणूस जे म्हणतो ते 'च़ाय-चिएन': पहिला च चाकातला, दुसरा साधारण चिंचेतला. मराठी तोंडाला हे फुकट मिळालेले. आम्ही दोघी भाषाविज्ञान शिकवणाऱ्या, महिनाभर रोमन अक्षराकडे पाहून 'झाय-जिएन' म्हणत होतो. तिने ऐकून लिहिले होते.

'फ'ची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी. मुंबईतल्या मुलांचा 'फ' आता इंग्रजी झाला आहे. दात ओठावर टेकवून ती 'फूल' म्हणतात, आणि आम्हीही म्हणतो. ओठ मिटून हकारासह सोडलेला जुना फ वर्गात तिच्या एकटीच्या तोंडी शिल्लक होता, आणि चिनीला नेमका तोच हवा होता. लाओशींनी तिला उभे केले आणि वर्गाला म्हणाल्या, 'हिच्यामागून म्हणा.' ती उभी राहिली. विमान आले. तिने हात किंचित वर केला, विमान जाऊ दिले, आणि मग म्हटले. देवनागरीवरची बंदी त्या दिवशी उठली.

अडचण तिला एकाच ठिकाणी आली, आणि तिथेच आमची घडी उलगडली. चिनीत चार म्हणजे 'सि' आणि दहा म्हणजे 'शि'. या दोन आकड्यांवर तिथे लहान मुलांना एक जिभेची कसरतही शिकवतात. शि म्हणताना जीभ मागे वळवायची. तिची जीभ वळत नव्हती. ती दोन्हीकडे 'सि' म्हणे. आम्ही पुढच्या बाकावर बसून तो उच्चार ऐकला आणि आमच्या दोघींच्याही मानेला एकाच वेळी तीच जुनी ताठरता आली. तो स आमच्या ओळखीचा होता.

२०२२ च्या सप्टेंबरात, याच खोलीत, ती एका धड्याचा उतारा वाचत होती. ती 'आनि' म्हणाली, 'कोन' म्हणाली, 'सेवटी' म्हणाली. आमच्यापैकी एकीने (कोणी ते दोघींनाही पक्के आठवते, पण इथे आम्ही 'आम्ही'च म्हणणार) तिला थांबवले आणि 'आणि' तीन वेळा म्हणायला लावले. पहिल्यांदा वर्ग गालात हसला, दुसऱ्यांदा उघड. तिसऱ्यांदा तिने ते बरोबर म्हटले. आम्ही 'शाब्बास' म्हटले. त्यानंतर वर्षभर तिने त्या वर्गात तोंड उघडले नाही. हे काही आम्ही त्या दिवशी प्रथमच केलेले नव्हते. ण आणि न, श आणि स यांची ही तपासणी आम्हालाही आमच्या शिक्षकांनी लावलेली. तिच्यात जात असते, गाव असते, घरातली पुस्तके असतात, हे आम्ही बोलीविज्ञानाच्या व्याख्यानात सांगतो आणि पुढच्या तासाला वाचन घेताना पेन्सिल उगारतो.

लाओशी तिच्या 'सि'पाशी थांबल्या. आम्ही वाट पाहत होतो. त्या म्हणाल्या, 'सूर बरोबर आहे ना? चारचा खाली पडतो, दहाचा वर चढतो. तू तसेच म्हणालीस. मग चालेल.' मग त्या टेबलाला टेकून जे बोलल्या ते पाठ्यपुस्तकात नव्हते. त्यांचे शिक्षण दक्षिण चीनमधल्या एका शहरात झाले. तिथल्या बहुतेकांची जीभ वळतच नाही. ते चारलाही सि म्हणतात, दहालाही सि, आणि सुरावरून समजून घेतात. १९५० च्या दशकात पेइचिंगच्या उच्चारांवर प्रमाण भाषा बेतली गेली, त्यामुळे वळवलेली जीभ शुद्ध आणि सपाट जीभ गावंढळ, असे ठरले. लाओशी एकदा उत्तरेत गेल्या असताना एका दुकानदाराने त्यांच्या उच्चारांची नक्कल करून दाखवली होती. 'परदेशी म्हणून हसला नाही हो, दक्षिणेची समजून हसला,' त्या म्हणाल्या, 'मला जरा बरेच वाटले.' वर्ग हसला. तीही हसली. आमच्याकडे तिने या वेळी पाहिले नाही, आम्हीच तिच्याकडे पाहत होतो.

म्हणजे हजारो मैलांवरच्या भाषेतही ण आणि न यांचा खटला चालूच होता, आणि पस्तिशीही न गाठलेल्या शिक्षिकेने तो एका वाक्यात निकालात काढला होता: समजले ना? मग चालेल. आम्हाला हे पटले असे लगेच म्हणता येणार नाही. प्रमाण उच्चार शिकवणे हे शिक्षकाचे कामच आहे; नोकरीच्या मुलाखतीत तिच्या 'सि'ला कोणीतरी हसेल, आणि तेव्हा लाओशी शेजारी नसतील. ही शंका आम्ही चहाच्या वेळी बोलून दाखवली. लाओशी म्हणाल्या, 'शिकवीन की. बोलायला लागली आहे, आता शिकवता येईल.'

लाओशींना हे कुठून आले असावे याचा आम्ही विचार करतो. २०२० च्या जानेवारीत त्या चिनी नववर्षाच्या सुटीसाठी घरी आल्या आणि परत जाऊ शकल्या नाहीत. भारतीय विद्यार्थ्यांना चीनचे व्हिसा पुन्हा मिळू लागले ते २०२२ च्या ऑगस्टनंतर. तोवर त्यांनी पदवीचा उरलेला भाग अंधेरीच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून, पडद्यावर पूर्ण केला. चित्र अडकायचे, आवाज तुटायचा. वर्गात माणसे शेजारी असण्याचे मोल त्यांना त्या दीड-दोन वर्षांत कळले असेल. किंवा नसेलही, काही माणसे मुळातच चांगली शिकवतात.

नोव्हेंबरात 'आम्ही'चा धडा आला. पुस्तकात दोन शब्द दिलेले, वोमन आणि च़ान्मन, आणि दोहोंपुढे इंग्रजी एकच: वी. मुलांनी फरक विचारला. लाओशी इंग्रजीतून समजावू लागल्या, की पहिल्यात ऐकणारा आत असेलच असे नाही, दुसऱ्यात असतोच. आणि दुसरा उत्तरेकडचा, दक्षिणेत फारसा कानावर येत नाही. वर्गाचे डोळे काचेचे झाले. अचानक तो गुजराती मुलगा ओरडला, 'अरे, अमे ने आपणे!' आणि तिसऱ्या ओळीतून, जवळजवळ त्याच क्षणी: 'आम्ही आणि आपण.' कोणीतरी मागून 'अपुन' म्हटले. पाच मिनिटे तीन भाषांतून नुसता गलका. जे इंग्रजीला सांगता येत नव्हते ते वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी जेवणाच्या ताटावर रोज बोलले जात होते. आम्ही घरी येताना यावर फार हुशारीने बोललो, परिसंवादासाठी निबंधाचे शीर्षकही ठरवले.

डिसेंबरात एका शनिवारी घाटकोपर स्थानकाच्या पुलावर ती भेटली. असल्फा तिथून मेट्रोचे दुसरे स्थानक, पण ती बहुधा चालत जाते. आम्ही तिला थांबवले आणि म्हटले, 'अगं, पहिल्या वर्षी वाचताना आम्ही तुला त्या दिवशी...' पुढचे वाक्य तयार नव्हते.

'कधी, मॅडम?'

आम्ही सांगितले. गर्दी दोन्ही बाजूंनी वाहत होती.

ती म्हणाली, 'तुम्ही तर सगळ्यांनाच सांगायचात.' यात क्षमा होती, की उडवून लावणे होते, की सरळ साधी माहिती होती, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. मग तिने विचारले, 'मॅडम, झोप खाल्ली का?' आणि हसून निघून गेली.

मार्च २०२५ मध्ये अभ्यासक्रम संपला. शेवटपर्यंत टिकले अकरा जण. पुढच्या जूनमध्ये वीस नावे भरली नाहीत आणि त्या खोलीत जपानीचा वर्ग सुरू झाला; त्याला बत्तीस आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये, पाच वर्षांहून अधिक काळाने, भारत आणि चीन यांच्यातली थेट प्रवासी विमाने पुन्हा उडू लागली, तेव्हा लाओशींचा आनंदाचा निरोप आला. ती मुलगी पदवीधर होऊन पंतनगरच्या एका आयात करणाऱ्या पेढीत लागली आहे. चिनी व्यापारी लिहिण्यापेक्षा आवाज मुद्रित करून पाठवतात, ते ऐकून मालकाला सांगायचे, हे तिचे काम. पगार बेताचा. बहुतेक निरोप दक्षिणेतून येतात, सि-सि करणारे, आणि ते तिला सोपे जातात, असे तिने सांगितले.

आम्ही पुन्हा आमच्या मराठीच्या वर्गावर आहोत, त्याच खोलीत. वाचताना मुले 'आनि' म्हणतात तेव्हा थांबवत नाही. एवढे जमले. प्रश्न उरला आहे तो उत्तरपत्रिकांचा. 'पानी', 'कोन', 'सेतकरी' असे लिहिलेले येते, आणि तिथे मात्र हा 'आम्ही' एक राहिलेला नाही. आमच्यापैकी एक अर्धा गुण कापते आणि म्हणते की लेखन म्हणजे बोलणे नव्हे, तिथे नियम पाळलाच पाहिजे, न शिकवणे ही दुसरी फसवणूक. दुसरी खाली पेन्सिलने बरोबर रूप लिहून गुण पुरे देते. गेल्या सत्रात एकाच विद्यार्थ्याच्या दोन पेपरांना त्यामुळे वेगळा न्याय मिळाला, तो विचारायला आला, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. विमान जात होते. ते जाईपर्यंत तो थांबला.